गाणं ऐकण्यासाठी घरातली खोली कशी घडवावी

चांगले स्पीकर आणले, अ‍ॅम्प्लिफायरही तोलामोलाचा घेतला, तरी काहीतरी खटकत राहतं. खर्जातला एक सूर फुगून येतो, त्याच्या शेजारचा जवळजवळ ऐकूच येत नाही. गायकाचा आवाज मधोमध न राहता एका बाजूला सरकतो. आवाज थोडा वाढवला की कान थकतात. अशा वेळी यंत्रं बदलण्याकडे मन धावतं, पण दोष बहुतेक वेळा खोलीत असतो. स्पीकरमधून निघालेला ध्वनी थेट कानाशी एकदाच येतो आणि भिंती, छत, जमीन यांवर आपटून तोच ध्वनी पुन्हा पुन्हा येत राहतो. घरातल्या खोल्या लहान असल्यामुळे ही परतफेड काही हजारांश सेकंदांत सुरू होते आणि मूळ आवाजात मिसळून जाते.

खोली सुधारण्याचं काम कोणत्या क्रमाने करायचं, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. आधी जागा ठरवायची, ते फुकट होतं. मग खर्जाकडे वळायचं, त्याला शोषक साहित्याची जाडी लागते. त्यानंतर बाजूच्या भिंतींवरची परावर्तनं आणि सर्वांत शेवटी खोलीचा जिवंतपणा. बहुतेक लोक उलट टोकाकडून सुरुवात करतात आणि भिंतीभर पातळ फोम चिकटवतात. त्याने वरचे सूर मरतात, खर्ज मात्र तसाच घुमत राहतो, आणि खोली आधीपेक्षा वाईट वाजू लागते.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक नमुना खोली धरू: लांबी ५ मीटर, रुंदी ३.८ मीटर, उंची २.८ मीटर. तुमची मापं वेगळी असतील, ती सूत्रांत घालून बघा.

आवाज अडवणं वेगळं, शोषणं वेगळं

शेजाऱ्यांना त्रास होऊ नये किंवा बाहेरचा गोंगाट आत येऊ नये, हा आवाज अडवण्याचा प्रश्न आहे. त्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर अडवण्याची क्षमता सुमारे ५ ते ६ डेसिबलने वाढते, म्हणजे एकेक पायरी महाग पडत जाते. फटी मात्र सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर उरलेली भिंत कितीही भक्कम असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून भरीव लाकडाचं दार, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी, दाराच्या तळाची फट बंद करणारी पट्टी आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या भेगा बुजवणं, ही कामं आधी.

फोम, पडदे, गालिचे यांनी आवाज बाहेर जायचा थांबत नाही. खोलीतल्या खोलीत त्याचं घुमणं कमी होतं, एवढंच. अंड्यांच्या ट्रेचा तर दोन्हीसाठी उपयोग नाही: अडवायला वजन नाही आणि शोषायला जाडी नाही.

खोलीतला स्वतःचा गोंगाटही बघा. पंखा, संगणकाचा कूलिंग फॅन, सैल काच, वाजणारं कपाटाचं दार. रात्री सगळं बंद करून शांत बसा आणि काय ऐकू येतं ते लिहून काढा. पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबलच्या खाली गेला, की मींडेतले बारकावे आणि तानपुऱ्याचा विरत जाणारा नाद आवाज न वाढवता ऐकू येऊ लागतो. इतक्या कमी खर्चात एवढी मोठी सुधारणा क्वचितच होते.

खोलीची मापं काय सांगतात

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर एखाद्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतकं झालं, की तो सूर त्या दोन भिंतींमध्ये अडकतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलत राहिलं की तो चढत जातो, तसा तो सूर चढतो आणि स्पीकर थांबल्यावरही लगेच विरत नाही. यालाच खोलीचा मोड म्हणतात. हिशेब सोपा आहे: ध्वनीचा वेग, म्हणजे साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंद, याला अंतराच्या दुपटीने भागायचं. आपल्या खोलीत लांबीचा पहिला मोड ३४ हर्ट्झला येतो, रुंदीचा ४५ला आणि उंचीचा ६१ला. या प्रत्येकाच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्यांवर पुढचे मोड: लांबीचे ६९ आणि १०३, रुंदीचे ९० आणि १३५, उंचीचा १२२.

एका कागदावर हे आकडे चढत्या क्रमाने लिहा. ते एकमेकांपासून सुटे सुटे असतील तर खोली बरी. दोन-तीन आकडे एकाच जागी गोळा झाले, तर तिथला सूर फुगणार आणि त्याच्या आसपास पोकळी राहणार. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली घनाकार खोली म्हणूनच सर्वांत त्रासदायक, कारण तिथे तिन्ही दिशांचे मोड एकाच सुरावर येऊन बसतात. एक माप दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असणंही टाळावं. उंची, रुंदी आणि लांबी यांचं १ : १.४ : १.९ हे प्रमाण पुष्कळ वापरलं जातं आणि आपली नमुना खोली त्याच्या जवळपास आहे. पण बांधून तयार असलेल्या घरात भिंती हलवता येत नाहीत, त्यामुळे सुवर्णप्रमाणाच्या मागे लागून हताश होण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांतून एक निवडायची वेळ आली तर मोठी आणि कमी चौरस असलेली निवडा.

मोडचं हे राज्य एका मर्यादेपर्यंतच चालतं. मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने त्या मर्यादेचं सूत्र दिलं: खोलीच्या निनादकाळाला, म्हणजे आवाज विरायला लागणाऱ्या वेळाला, घनफळाने भागा, त्याचं वर्गमूळ काढा आणि २००० ने गुणा. आपल्या खोलीचं घनफळ ५३ घनमीटर आणि निनादकाळ ०.४ सेकंद धरला तर उत्तर येतं सुमारे १७३ हर्ट्झ. याच्या खाली मोडचा कारभार, याच्या वर सुटी परावर्तनं. या दोन भागांचे उपाय वेगळे असतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि घरगुती प्रयत्न फसतात ते बहुधा इथेच.

बसायची जागा आणि स्पीकरची जागा

या टप्प्यावर पूर्ण एक दिवस द्या. खर्च शून्य, आणि मिळतं त्याहून जास्त इतर कोणत्याही टप्प्यात मिळत नाही.

स्पीकर खोलीच्या आखूड भिंतीकडे ठेवा, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल आणि पाठीमागची भिंत दूर राहील. डावी-उजवीकडची रचना शक्य तितकी सारखी हवी. एका बाजूला काचेची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांचं कपाट असेल, तर गायकाचा आवाज मध्यावर टिकत नाही.

आता खुर्ची. लांबीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे आपल्या खोलीत २.५ मीटरवर, पहिल्या मोडचा दाब शून्य असतो, म्हणून तिथे खोल खर्ज नाहीसाच होतो. पाठीमागच्या भिंतीला टेकून बसलं तर उलट घडतं: सगळे मोड तिथे टिपेला असतात आणि खर्ज अंगावर येतो. सुरुवातीसाठी मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा. आपल्या खोलीत ते अंतर १.९ मीटर, म्हणजे समोरच्या भिंतीपासून ३.१ मीटर. तिथे पहिले तीन मोड ना पूर्ण गायब असतात ना पूर्ण चढलेले. हा आकडा सुरुवातीपुरता. पुढे-मागे २०-३० सेंटिमीटर सरकून कान लावून बघा, फरक स्पष्ट कळेल.

रुंदीत मात्र मध्यावरच बसावं लागतं, नाहीतर स्टिरिओ बिघडतो. रुंदीच्या पहिल्या मोडचा खड्डा तिथे येतो खरा, पण दोन स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर असले आणि दोन्हींतून तोच खर्ज वाजत असला, तर तो मोड मुळात चेतवलाच जात नाही. म्हणून त्याची फारशी काळजी नको.

स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. दोन स्पीकरमध्ये २.३ मीटर ठेवलं तर प्रत्येक स्पीकर कानापासून २.३ मीटरवर येईल, समोरच्या भिंतीपासून १.१ मीटरवर आणि बाजूच्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटरवर. ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला हवा, बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून साधारण १ मीटर. अंतरं फितीने मोजा. डाव्या-उजव्यात १ सेंटिमीटरहून जास्त फरक राहू देऊ नका.

स्पीकरमागच्या भिंतीचाही एक त्रास असतो. खर्ज स्पीकरच्या पाठीमागेही पसरतो, भिंतीवरून परततो आणि विशिष्ट सुराला मूळ आवाजाच्या विरुद्ध कलेत, म्हणजे त्याचा चढ तिथे याचा उतार असा, येऊन त्याला खाऊन टाकतो. ध्वनीच्या वेगाला भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने भागलं की तो सूर मिळतो. १.१ मीटरवर तो ७८ हर्ट्झ येतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला की खड्डा वर सरकतो, जिथे ध्वनी शोषणाऱ्या पाटीने त्याला आवरणं सोपं जातं. त्यामुळे खोली फार लहान असेल तर स्पीकर भिंतीला जवळजवळ चिकटवून मागे जाड शोषक लावणं, हा अर्धवट अंतर ठेवण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. स्पीकरमागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन या तिन्हींपासून वूफरचं, म्हणजे स्पीकरमधल्या खर्ज वाजवणाऱ्या भागाचं, अंतर सारखं मात्र कधीच नको, नाहीतर तिन्ही खड्डे एकावर एक येतात.

शेवटी स्पीकर किती आत वळवायचे ते ठरवा. आधी तोंड सरळ कानाकडे करा, मग थोडं थोडं बाहेर उघडत जा. ज्याची ध्वनिमुद्रणं तुम्हाला पाठ आहेत असा एखादा गायक लावा. आवाज मध्यावर घट्ट उभा राहील आणि तरी दोन्ही बाजूंना जागा मोकळी वाटेल, तिथे थांबा. जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवा.

मोजणी करा

कान लवकर सरावतो, म्हणून मोजणी हवी. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला यूएसबीवर चालणारा, कॅलिब्रेशन फाइलसह (मायक्रोफोनच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी फाइल) येणारा मायक्रोफोन जोडा. मायक्रोफोन स्टँडवर, डोकं जिथे येतं तिथे, कानाच्या उंचीला. आधी डावा स्पीकर, मग उजवा, मग दोन्ही. पातळी ७५ डेसिबलच्या आसपास. डोक्याभोवती ३० सेंटिमीटरच्या आत आणखी चार-पाच ठिकाणी तसंच मोजा, म्हणजे एकाच बिंदूच्या लहरीवर निर्णय घेतला जाणार नाही.

तीन आलेख बघायचे. पहिला, २० ते २०० हर्ट्झमधले चढउतार. इथे आलेख गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर खड्डे झाकले जातात. दुसरा, वॉटरफॉल, ज्यात प्रत्येक सूर विरायला किती वेळ घेतो ते दिसतं. माझ्या मते सर्वांत बोलका हाच: लांब शेपटी ज्या सुराला दिसते तोच सूर गाण्यात धमधमतो. तिसरा, वेळेनुसार ऊर्जेचा आलेख, ज्यात पहिली परावर्तनं सुळक्यांसारखी दिसतात.

मायक्रोफोन नसेल तर ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत एकेक शुद्ध सूर वाजवणारी ध्वनिफीत घ्या आणि खुर्चीत बसून कोणता फुगतो, कोणता बुडतो ते टिपा. खोलीच्या मध्यावर उभं राहून टाळीही वाजवा. टाळीनंतर टर्रर्र असा धातूसारखा कंप आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतोय. दोघींपैकी एका भिंतीवर काहीतरी लावलं की तो थांबतो.

खर्जाचा बंदोबस्त

खनिज लोकर किंवा काचलोकर हवेच्या कणांची हालचाल घर्षणाने थोपवून ध्वनी शोषते. पण भिंतीला अगदी लागून कणांना हलायला जागाच नसते. दाब तिथे सर्वाधिक, हालचाल शून्य. हालचाल सर्वांत जास्त असते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झसाठी ते अंतर ८.६ सेंटिमीटर, १०० हर्ट्झसाठी ८६ सेंटिमीटर. पातळ फोम खर्जापुढे हतबल का असतो, ते या दोन आकड्यांतच आलं. अडीच सेंटिमीटरचा फोम भिंतीवर चिकटवला तर तो साधारण १००० हर्ट्झच्या वरच नीट काम करतो. ५ सेंटिमीटरची लोकरीची पाटी ५०० हर्ट्झपर्यंत उतरते, आणि १० सेंटिमीटरची पाटी मागे १० सेंटिमीटर हवा सोडून लावली तर २०० हर्ट्झच्याही थोडी खाली पोचते. मागे सोडलेली हवा फुकटची जाडी आहे, ती कधीही वाया घालवू नका.

खर्जासाठी पहिली पसंती कोपऱ्यांना. सगळ्या मोडचा दाब तिथे टिपेला असतो आणि आडवी पाटी बसवली की मागे खोल जागा आपोआप मिळते. ६० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड पाटी कोपऱ्यात तिरपी लावली तर मध्यभागी मागे ३० सेंटिमीटर हवा राहते. जागा असेल तर कोपरा जमिनीपासून छतापर्यंत काचलोकरीच्या त्रिकोणी तुकड्यांनी पूर्ण भरणं आणखी चांगलं. इथे एक बारकावा आहे: १० सेंटिमीटरच्या पाटीसाठी घनमीटरला ४० ते ६० किलो घनतेची लोकर योग्य, पण ३० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड भरावासाठी हलकी, फुगीर लोकर घ्यावी. फार दाट लोकरीत लांब लाटा आत शिरण्याआधीच परततात.

भिंत-भिंत कोपरे चारच असतात, पण भिंत आणि छत मिळतात त्या कडाही कोपरेच आहेत. दारामुळे एखादा कोपरा अडला असेल तर छताची कड वापरा. पाठीमागची भिंत खुर्चीपासून २ मीटरच्या आत असेल तर तिच्यावरही १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा शोषक लावा.

खर्ज शोषताना वरचे सूर फार मरू नयेत म्हणून कोपऱ्यातल्या पाटीच्या दर्शनी बाजूला, कापडाच्या आत, जाड खाकी कागद लावता येतो. खर्जाच्या लांब लाटा त्याच्या आरपार जातात, वरचे सूर परत खोलीत येतात. मी कोपऱ्यांत हे नेहमीच सुचवतो. बाजूच्या भिंतींवरच्या पाट्यांना मात्र कागद लावायचा नाही.

४० हर्ट्झच्या आसपासचा एखादा हट्टी मोड लोकरीने फारसा हलत नाही. त्यासाठी पडद्यासारखी कंपणारी प्लायवुडची पेटी किंवा विशिष्ट सुराला जुळवलेली पोकळी असे शोषक असतात. ते जुळवणं किचकट आहे आणि चुकलं तर शेजारच्याच सुरावर काम करतात. घरात त्याऐवजी दोन सबवूफर, म्हणजे फक्त खोल खर्ज वाजवणारे वेगळे स्पीकर, हा सोपा मार्ग. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तर त्या दिशेचे पहिला, तिसरा असे विषम मोड दोन्हींकडून उलटसुलट चेतवले जाऊन रद्द होतात. सबवूफर एकच असेल तर त्याची जागा शोधण्याची जुनी युक्ती वापरा: सबवूफर खुर्चीवर ठेवा, खर्जाची एखादी चढउतार असलेली ओळ वाजवा आणि स्वतः जमिनीलगत भिंतीच्या कडेने सरकत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे वाटतील, तिथे सबवूफर न्या. ऐकणारा आणि आवाजाचा उगम यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे जमतं.

पहिली परावर्तनं

आपल्या नमुना खोलीत बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा १ मीटर जास्त चालतो. म्हणजे ३ मिलिसेकंद उशिरा येतो आणि अंतरामुळे फक्त ३ डेसिबलने क्षीण होतो. हा जवळजवळ तितकाच मोठा दुसरा स्पीकर झाला. जमिनीवरचं परावर्तन २ मिलिसेकंदांनी, छतावरचं सुमारे ६ आणि मागच्या भिंतीवरचं ११ मिलिसेकंदांनी येतं. इतक्या कमी अंतराने आलेला आवाज कानाला प्रतिध्वनी म्हणून वेगळा कळत नाही. मेंदू त्याला मूळ आवाजातच जमा करतो आणि दिशा पहिल्या आवाजावरून ठरवतो. हेल्मुट हासने १९४९ मध्ये याचा सविस्तर अभ्यास मांडला, त्यामुळे याला हास परिणाम म्हणतात. वेगळा कळला नाही तरी हा जादा आवाज सुराचा पोत आणि वाद्यांच्या जागा बदलतोच.

ध्वनीच्या गुणवत्तेची बारीक परीक्षा घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस आहे, तिच्यानुसार १ ते ८ किलोहर्ट्झमध्ये पहिल्या १५ मिलिसेकंदांतली परावर्तनं थेट आवाजापेक्षा किमान १० डेसिबल खाली हवीत. घरी हे लक्ष्य ठेवायला हरकत नाही.

जागा शोधायला आरसा पुरे. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीला आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करा. दोन्ही भिंतींवर, दोन्ही स्पीकरसाठी, आणि छतावरही. जमिनीवरच्या जागी जाड गालिचा टाका. प्रत्येक जागी १.२ मीटर बाय ६० सेंटिमीटरची, १० सेंटिमीटर जाडीची पाटी मागे ५ ते १० सेंटिमीटर हवा सोडून लावा. पातळ लावू नका. परावर्तनातले फक्त वरचे सूर गेले आणि मधले राहिले, तर येणारा आवाज कोंदट होतो.

याबाबत मतभेद आहेत, ते सांगणं प्रामाणिकपणाचं ठरेल. बाजूच्या भिंतीवरची परावर्तनं अजिबात न मारता ठेवली तर आवाज रुंद आणि मोकळा वाटतो असं काही अनुभवी ऐकणारे मानतात, आणि स्पीकरचा बाजूला जाणारा आवाज समोरच्या आवाजासारखाच समतोल असेल तर त्यात तथ्य आहे. ध्वनिमुद्रणावर काम करायचं असेल तर मी शोषकच लावीन. निव्वळ आनंदासाठी ऐकायचं असेल तर पाटी आधी टेकवून ठेवा, दोन-तीन दिवस तिच्यासह आणि तिच्याविना ऐका, मगच खिळे ठोका. छतावरच्या पाटीबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही, ती लावावीच.

किती शोषण पुरे?

हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं समजत नसे. ते सुधारण्याचं काम १८९५ मध्ये वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने रात्रीच्या शांततेत शेजारच्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून आलेलं सूत्र आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात: निनादकाळ, म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, बरोबर ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात. उघड्या खिडकीचा १ चौरस मीटर म्हणजे १ पूर्ण.

ऐकण्याच्या घरगुती खोलीत ०.३ ते ०.४ सेकंद छान लागतो. आपल्या खोलीला ०.४ सेकंदांसाठी २१ चौरस मीटर शोषण हवं. खोलीचं एकूण पृष्ठफळ ८७ चौरस मीटर. सगळं गिलावा आणि फरशी असेल आणि सरासरी शोषण ५ टक्के धरलं, तर हातात येतात साडेचार चौरस मीटरही नाहीत, आणि निनादकाळ जातो २ सेकंदांवर. मऊ सोफा, जाड गालिचा, चुण्या पाडून लावलेले वजनदार पडदे, पुस्तकांनी भरलेली मांडणी यांतून साधारण ८ चौरस मीटर मिळाले असं धरू. भिंती-फरशीचे आधीचे चार-साडेचारही वजा केले की उरले ९. एका पाटीचं क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर, म्हणजे बारा-तेरा पाट्या. त्यांतल्या सहा-सात कोपऱ्यांत आणि मागच्या भिंतीवर, दोन छताला, उरलेल्या बाजूंना.

सामान आधीच पुष्कळ असेल तर पाट्या कमी करा. ०.२ सेकंदांच्याही खाली गेलेली खोली कोरडी पडते, तिथे वाद्यांभोवतीची हवा नाहीशी होते आणि दीर्घकाळ बसवत नाही. एका आकड्यावर समाधान मानू नका. १२५, २५०, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या प्रत्येक पट्टीत निनादकाळ बघा. तो सगळीकडे जवळपास सारखा, खर्जात थोडा जास्त, असा असेल तर खोली नैसर्गिक वाजते. वरच्या पट्ट्यांत ०.२ आणि १२५ हर्ट्झला ०.९ असं चित्र दिसलं, तर मऊ पातळ गोष्टी जास्त झाल्यात. त्या काढा आणि जाडी वाढवा.

पाटी घरी बनवताना

लाकडी पट्ट्यांची चौकट, आत लोकरीचा गठ्ठा, मागे तो पडू नये म्हणून जाळी किंवा ताणलेला दोरा, पुढे कापड. कापडातून हवा आरपार गेली पाहिजे: तोंडाला लावून फुंकर मारा, सहज गेली तर चालेल. गच्च विणीचं किंवा मागे रबराचा थर असलेलं कापड नको. लोकर कापताना हातमोजे, मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण तंतू कातडीला आणि डोळ्यांना टोचतात. कापडाआड एक पातळ न विणलेला थर घातला की तंतू बाहेर झडत नाहीत. दमट भिंतीवर पाटी लावू नका. आधी ओल दुरुस्त करा.

आगीचा विचार इथे टाळता येणार नाही. स्वस्त पॉलियुरेथेन फोम भडकन पेटतो आणि विषारी धूर सोडतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतींवरचा असाच फोम पेटला आणि १०० जणांचा जीव गेला. खनिज लोकर आणि काचलोकर पेटत नाहीत. फोमच घ्यायचा तर अग्निरोधक असल्याची नोंद असलेलाच घ्या, आणि तो दिवे किंवा विजेच्या जोडणीजवळ नको.

विखुरणं

सगळंच शोषण्याऐवजी काही परावर्तनं तुकडे करून चहूकडे पसरवली तर खोली जिवंत राहते. श्रोडरनेच १९७० च्या दशकात यासाठी संख्यांच्या गणितावर आधारित खाचांची रचना सुचवली. सात खाचांच्या नमुन्यात खाचांच्या खोलपणाचं प्रमाण ०, १, ४, २, २, ४, १ असं असतं. १००० हर्ट्झपासून काम करायचं असेल तर एक एकक सुमारे २.५ सेंटिमीटर, म्हणजे सर्वांत खोल खाच १० सेंटिमीटर. सुताराकडून करून घेता येतं. मागच्या भिंतीवर, खुर्चीपासून दोन मीटर तरी लांब, ते शोभतं आणि उपयोगीही पडतं. त्याहून जवळ बसत असाल तर तिथे शोषकच बरा. वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं मागेपुढे सरकवून ठेवलेली मांडणी यातलं काही काम करते, आणि ती घरात बहुधा असतेच.

शेवटी इक्वलायझर

आता पुन्हा मोजा. खर्जात उरलेला एखादा उंचवटा इक्वलायझरने, म्हणजे निवडक सुरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणा. मोडची कंपनसंख्या आणि रुंदी नेमकी जुळली तर त्याची शेपटीही आखूड होते. खड्डे मात्र भरू नका. १० डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते आणि ती सगळी त्याच खड्ड्यात जाते, कारण भिंतीवरून परतणारा विरोधी आवाजही तितकाच वाढतो. खड्ड्यावर उपाय जागा बदलण्याचा. २०० हर्ट्झच्या वर इक्वलायझर हलक्या हाताने, सरासरी आलेखावरून आणि रुंद पट्ट्यांतच वापरा.

प्रत्येक टप्प्यानंतरची मोजणी तारीख घालून, मायक्रोफोनची जागा टिपून जपून ठेवा. पुढे सोफा बदलला, पडदे उतरवले किंवा कपाट हललं आणि आवाज बदलल्यासारखा वाटला, तर जुना आलेख उघडून त्याच जागी पुन्हा मोजता येतं आणि नेमकं काय हललं ते समजतं.